‘सबूर’चे वारस

सकाळी यजमानांना जाग यायच्या आत बाई मुलाचा लॅपटॉप उघडून बसत आणि मुलाच्या नावाने लोकांना उत्तरं देत. मुलगा जाऊन तिसरं वर्ष सरत आलं होतं. लोकांना ते माहीत नव्हतं, आणि ही उत्तरं यजमानांना माहीत नव्हती.

लोक म्हणजे कुठले कुठले, कधी तोंडही न पाहिलेले. मुलाने ‘सबूर’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला होता. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्याकडून टाइप करताना एकच अक्षर तीन-चारदा दाबलं जातं. ‘सबूर’ तिथे किंचित थांबायचा आणि त्यातलं एकच खरं धरायचा. एवढंच त्याचं काम. ते काम मुलाने बापासाठी केलं होतं. बाई आणि यजमान, दोघंही कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली टायपिंगचं टेबल मांडून बसणारे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज, नावातल्या बदलाची निवेदनं, यातच दोघांची हयात गेली. यजमानांच्या हाताला कंप सुटला तेव्हा ते घरी बसले आणि बसल्या बसल्या बाईंनी केलेल्या कामातल्या चुका काढू लागले. घरात कोणाचं डोकं ठिकाणावर राहीना. मुलगा सुट्टीला आला, त्याने दोन दिवस हा तमाशा पाहिला, आणि पुढच्या सुट्टीला येताना ‘सबूर’ घेऊन आला. यजमान पुन्हा टेबलावर गेले. घरात शांतता झाली.

मुलाला घरात गुंड्या म्हणत. तो मोठा झाला, परगावी नोकरीला लागला, चष्मा लागला, तरी गुंड्याच. मनाने चांगला, पण बोलायला तुसडा. ‘सबूर’च्या पानावर कोणी अडचण लिहिली की याचं उत्तर ठरलेलं: “माहितीपत्रक वाचा.” नाहीतर, “हे आधी विचारून झालंय.” आणि मग रात्र जागून तीच अडचण दुरुस्त करून ठेवायचा. उत्तरात मात्र तसं सांगायचा नाही. असली माणसं असतात. त्यांचं प्रेम ओळखायला आई असावं लागतं.

ऑफिसात खुर्चीतच त्याच्या मेंदूतली शीर फुटली. बाई पोहोचेपर्यंत तो गेला होता; मग त्याला घरी आणलं. त्यानंतरची कागदपत्रं धाकट्या दिरांनी केली. आयुष्यभर दुसऱ्यांचे मृत्यूचे कागद टाइप करणाऱ्या बाईंनी आपल्या मुलाच्या एकाही कागदाला हात लावला नाही, आणि तेव्हा कोणी लावा म्हणालंही नाही.

त्याच्या सामानात लॅपटॉप आला. तो बरेच दिवस कपाटात होता. एकदा बाईंनी नुसता पुसावा म्हणून बाहेर काढला, चालू केला, तर ‘सबूर’चं पान उघडंच होतं. कोणीतरी लिहिलं होतं, “कोणी आहे का इथे? वडिलांना नवा कॉम्प्युटर घेतल्यापासून हे चालत नाही. ते फार निराश झालेत.” बाईंनी बराच वेळ ते वाचलं. मग टाइप केलं, “आहे.” पुढे लिहिलं, “बघते.” ते खोडून “बघतो” केलं, आणि पाठवलं.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर गोष्ट नव्हती. पण त्या उत्तरावर ‘घुबड’ नावाच्या कोणीतरी लगेच लिहिलं, “अरे गाढवा! होतास कुठे इतके महिने?” या घुबडाचं खरं नाव काय, गाव कोणतं, बाईंना ठाऊक नव्हतं. चित्रात घुबड होतं म्हणून घुबड. पण आपल्या मुलाला कोणीतरी ‘अरे’ म्हणतंय, गाढव म्हणतंय, कुठे होतास म्हणून रागावतंय, हे त्यांनी कित्येक महिन्यांनी ऐकलं होतं. घरी येणारे सगळे त्याच्याविषयी बोलायचे तेव्हा आवाज खाली करून बोलायचे. बाईंनी लिहिलं, “तब्येत बरी नव्हती.” हेही एका परीने खोटं नव्हतंच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

तेव्हापासून ते चालू राहिलं. प्रोग्रॅमच्या आत काय आहे ते बाईंना ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याची गरजही पडली नाही. लोक अडचण लिहायचे, घुबड दुरुस्ती करून पाठवायचं, बाई हिरवं बटण दाबून ती दुरुस्ती आत घ्यायच्या. उरलेलं काम म्हणजे माणसांशी बोलणं, आणि ते बाईंना गुंड्यापेक्षा किती तरी पटीने चांगलं जमत होतं. कोणी चिडून लिहिलं तर त्या विचारायच्या, “वडिलांचा हात सकाळी जास्त कापतो की संध्याकाळी?” कोणी पहाटे दुरुस्ती पाठवली तर म्हणायच्या, “झोप पुरी घे बाबा, हे कुठे पळून जात नाही.” घुबड एकदा म्हणालं, “आजारपणाने तुला माणसात आणलं की. आधी तुझ्याशी बोलायचं म्हणजे कुंपणाच्या तारेशी बोलणं होतं.” बाई हसल्या. मग लेकाला नावं ठेवली म्हणून थोडं वाईटही वाटलं.

गेल्या थंडीत घुबडाची आई गेली. तिचेही हात थरथरायचे, तिच्यासाठीच तर तो या कामात आला होता. त्या दिवसांत तो रोज लिहायचा. शेवटी शेवटी आईला चमचा धरता येत नव्हता, आपण एकदा तिच्यावर ओरडलो, ते आता परत घेता येत नाही, असलं सगळं. बाई रोज सकाळी बसून त्याला उत्तर द्यायच्या. “आई असलं काही लक्षात ठेवत नाही,” त्यांनी लिहिलं. त्याने विचारलं, “तुला कसं माहीत?” बाईंनी उत्तर दिलं, “माहीत आहे.”

आणि मग ते परवान्याचं प्रकरण आलं.

गुंड्याने ‘सबूर’सोबत एक परवाना जोडला होता. त्यात म्हटलं होतं, हे कोणीही घ्या, वापरा, बदला, वाटा, हवं तर विका. पण बदल करून पुढे द्याल तर केलेला बदल दडवायचा नाही, जसं तुम्हाला उघडं मिळालं तसंच पुढच्याला उघडं द्यायचं. यावरून बापलेकांची एकदा चांगलीच जुंपली होती.

“फुकट देतोस ते देतोस, वर अटी कसल्या घालतोस?” यजमान म्हणाले होते.

“बाबा, पैसे मला नकोतच. पण माझं घेऊन कोणी त्याला कुलूप लावलेलं मी चालवून घेणार नाही. ती अट गेली की ते माझं राहिलंच नाही.”

“एवढ्याशा प्रोग्रॅमला केवढा हा तोरा!”

“तोरा तर तोरा.”

आता एक संस्था कंप असलेल्या रुग्णांसाठी खास कीबोर्ड बनवणार होती आणि त्यात ‘सबूर’ घालणार होती. वैद्यकीय यंत्र म्हटलं की आतलं सगळं बंदिस्त ठेवावं लागतं, असं त्यांच्या कायदेवाल्यांचं म्हणणं. म्हणजे गुंड्याची अट आडवी येत होती. अट काढायची तर ज्यांनी ज्यांनी त्यात काम केलंय त्या सगळ्यांची संमती हवी. घुबडाने एकेकाला गाठून ती मिळवली. सगळ्यांनी पानावर ‘मान्य’ लिहिलं. राहिला मूळ कर्ता.

घुबडाने लिहिलं, “तू नाही म्हणणार हे मला माहीत आहे. तरी विचारतो. असा कीबोर्ड माझ्या आईला मिळाला असता तर शेवटची दोन वर्षं ती बहिणीला स्वतःच्या हाताने लिहू शकली असती. बघ.”

बाईंना गुंड्याचं उत्तर अगदी त्याच्या आवाजात ऐकू येत होतं. तो नाहीच म्हणाला असता, तेही दोन शब्दांत. पण समोर आई गेलेलं पोर होतं, आणि त्याला नाही म्हणणं बाईंच्याने होईना. त्यांनी लिहिलं, “मान्य.”

त्यावर घुबडाने इतक्या आनंदाने लिहिलं, की बाईंना दिवसभर टेबलावर बसवेना. “मला वाटलं होतं तू भांडशील. तू खरंच बदललास रे.” आपण इतके दिवस मुलाला जपतोय असं त्यांना वाटत होतं. आज त्याच्या तोंडी जे कधीच आलं नसतं ते घालून बसलो, हे त्यांना उमगलं.

आठवडा गेला नसेल, संस्थेकडून निरोप आला. पानावर नुसतं ‘मान्य’ लिहून भागणार नाही. मूळ कर्त्याने नोटरीसमोर प्रत्यक्ष हजर राहून, ओळख पटवून, प्रतिज्ञापत्र करून द्यावं. सोबत मसुदा होता. “मी, खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की...” असले मसुदे बाईंना झोपेतून उठवलं तरी पाठ म्हणता येत. शेवटची ओळही तीच होती, यातील मजकूर खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.

टेबलाशेजारी एक म्हातारे वकीलसाहेब बसायचे. फोनचा आणि कॉम्प्युटरचा त्यांना मनस्वी राग. “बाई, मी जन्मभर लोकांना सांगितलं, वाचल्याशिवाय सही करू नका,” ते म्हणायचे, “आणि आता स्वतःच फोनवर ‘मान्य’, ‘मान्य’ दाबत सुटतो. उद्या यांनी माझं घर लिहून घेतलं तरी मला कळायचं नाही.” त्यांना बाईंनी कागद लावता लावता सहज विचारल्यासारखं विचारलं.

“साहेब, एखाद्याच्या नावाने दुसऱ्यानेच ‘मान्य’ लिहिलं तर?”

“तोतयेगिरी. दुसरं काय?”

“पण हेतू चांगला असेल तर?”

“बाई, इथे येणाऱ्या प्रत्येकाचा हेतू चांगलाच असतो. विचारून बघा.”

“आणि तो माणूस हयात नसेल तर?”

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. गुंड्याला त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. ते सावकाश बोलले, “माणूस जातो, बाई, पण त्याने लिहिलेल्याचा हक्क त्याच्याबरोबर जात नाही. तो वारसांकडे येतो. प्रोग्रॅमही लिहिलेलाच असतो. बायको नाही, मूल नाही, तर आईबापांकडे. आईबापांना द्यायची तर ते संमती देतील, नसेल द्यायची तर देणार नाहीत. पण स्वतःच्या नावाने. मेलेल्या माणसाला काही मान्य नसतं आणि अमान्यही नसतं.”

बाई त्या दिवशी लवकर घरी गेल्या. यजमान खिडकीशी बसून उद्याचे कागद चाळत होते. बाईंनी लॅपटॉप आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

यजमान वाचत राहिले. एके ठिकाणी म्हणाले, “झोप पुरी घे बाबा? हा असं कधी बोलायचा?” त्यांना हसू आलं, आणि तसंच ते फिसकटलं. पुढे वाचायला त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग लॅपटॉप बाजूला सारला.

“इतके दिवस तो इथे बोलतोय,” ते म्हणाले, “आणि मला सांगितलंही नाहीस?”

“तुम्ही रागावला असता.”

“रागावलो असतो. पण शेजारी बसून वाचलं तर असतं.”

त्या म्हणाल्या, “बंद केलं की तो जाईल हो. तिथे तरी आहे.”

“तिथे तू आहेस,” यजमान म्हणाले. ते कठोरपणे बोलले नाहीत, पण बाईंना लागायचं ते लागलंच.

दुसऱ्या दिवशी दोघं टेबलावर गेले. पहिली गिऱ्हाईकं परत पाठवली. यजमान सांगू लागले, बाई टाइप करू लागल्या. असं त्यांनी हजारो वेळा केलं होतं. “आम्ही, खाली सह्या करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, ‘सबूर’ या संगणक प्रणालीचे मूळ कर्ते...” इथवर बाईंचे हात नेहमीसारखे चालले. पुढचा शब्द यजमानांनी सांगितला नाही. सांगायची गरज नव्हती. असल्या कागदात नावाआधी जो शब्द येतो तो दोघांनाही माहीत होता.

बाईंची बोटं उचलेनात. त्या म्हणाल्या, “सरका जरा, मला होत नाही.”

यजमानांनी खुर्ची ओढली. कंप त्या दिवशी जरा जास्तच होता. त्यांनी म दाबला तो चारदा दाबला गेला, य वर बोट नाचलं, त वर तर हातच स्थिर राहीना. पडद्यावर मात्र एकेकच अक्षर उमटलं. मयत. पोराने बापाचा सगळा कंप आत शोषून घेतला होता, आणि शब्द असा स्वच्छ आला की जणू लिहिताना कोणाचं काही हललंच नाही. बाईंना त्या पडद्याचा अतोनात राग आला. निदान एखादं अक्षर तरी चुकायला हवं होतं.

यजमानांनीच पुढे मुलाचं पूर्ण नाव टाइप केलं. मग बाईंनी कागद पुरा केला. मसुद्यात नसलेलं एक वाक्य त्यांनी आपल्या मनाने घातलं: “मयताचे या अटीबाबतचे मत आम्हांस ठाऊक असून ते याच्या उलट होते. सदर संमती ही आमची आहे, त्याची नाही.” वकीलसाहेबांनी ते वाचलं आणि कायद्याच्या दृष्टीने याची आवश्यकता नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, “राहू द्या.” त्यांनी राहू दिलं.

घरी येऊन बाईंनी ‘सबूर’च्या पानावर लिहिलं. मी त्याची आई. तो गेला. केव्हा, कसा. इतके दिवस उत्तरं देत होते ती मी. ‘मान्य’ही मीच लिहिलं होतं, त्याने नव्हे. सर्वांची माफी मागते. खाली वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडलं.

थोड्या वेळाने लोक लिहू लागले. कोणी लिहिलं, विश्वास बसत नाही. कोणी विचारलं, आजारी होता का, दुखलं का त्याला, शेवटी कोण होतं जवळ. ज्या प्रश्नांना चुकवायला बाईंनी हे सगळं केलं होतं ते प्रश्न एकामागून एक दारात येऊन उभे राहिले. लोकांसाठी तो आज गेला होता. त्यांचं दुःख ताजं होतं, आणि ते वाचता वाचता बाईंच्या ध्यानात आलं की आपलंही ताजंच आहे. त्यांनी एकेकाला उत्तर दिलं. या वेळी आपल्या नावाने.

घुबडाने त्या दिवशी एकच ओळ लिहिली. “माझी आई गेली तेव्हा रोज लिहायचं ते कोण?”

“मीच,” बाईंनी लिहिलं.

त्यानंतर दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला.

“संस्थेने तुमचं प्रतिज्ञापत्र स्वीकारलं. काम पुढे जाईल. मी त्याला जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगितलं नसतं. तुम्ही ते ऐकायला नको होतं. तुम्ही लिहिलेल्याचा मला आधार झाला हेही खरं आहे, आणि त्याचाच जास्त राग येतोय. त्याच्यासाठी मला रडायचंय, पण नक्की कोणत्या दिवसापर्यंतचा तो आणि कुठून पुढे तुम्ही, हे शोधत बसलोय. इथल्या नियमाप्रमाणे गेलेल्या माणसाचं खातं बंद करावं लागतं. जुनं वाचता येईल, त्यातून लिहिता येणार नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा करतो.”

सगळीकडे ‘तुम्ही’ होतं. ‘अरे’ कुठेच नव्हतं. बाईंनी निरोप यजमानांना वाचून दाखवला. ते शेजारीच बसले होते. मग त्यांच्याकडे न बघता बाईंनी लिहिलं, “करा बंद.”

फार वेळ लागला नाही. बाईंच्या डोळ्यांदेखत खालची लिहायची चौकट नाहीशी झाली. मुलाच्या नावापुढे एक करडी पट्टी आली. बाईंनी एक-दोनदा तिथे बोट टेकवून पाहिलं.

“गेला हो,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. अंत्यविधीला त्या अशा रडल्या नव्हत्या. तेव्हा लोकांनी त्यांच्या धीराचं कौतुक केलं होतं. आता भर दुपारी त्या अशा ओरडून रडल्या की यजमानांना त्या आवरेनात, आणि त्यांचेच हात इतके कापत होते की बाईंच्या पाठीवर नीट ठेवताही येईनात.

आवाज ऐकून समोरच्या घरातली शेजारीण धावत आली. दार वाजवून म्हणाली, “काय झालं हो? काय झालं?”

यजमानांनी दार उघडलं. “मुलगा गेला आमचा,” ते म्हणाले.

शेजारीण क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. तीन वर्षांपूर्वी ती याच दारातून त्याला पोहोचवायला गेली होती. तिने चपला बाहेर काढल्या, आत आली आणि बाईंजवळ जमिनीवर बसली.